इंदापूर : भीमा-नीरेच्या बेचक्यातील सीमेवरचे गाव

पुणे जिल्ह्याचा नकाशा पाहिला, तर पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर ऐसपैस पसरलेला हा जिल्हा आग्नेयेकडे निमुळता होत जातो आणि भीमा व नीरा या नद्यांच्या संगमावर, नीरा नरसिंगपूर येथे संपतो. या निमुळत्या टोकाचा तालुका म्हणजे इंदापूर. तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले इंदापूर शहर पुण्यापासून सुमारे १३५ किलोमीटर अंतरावर, पुणे-सोलापूर महामार्गावर वसले आहे. महामार्गाने सोलापूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला ते पुणे जिल्ह्यातील शेवटचे मोठे गाव म्हणून परिचित असते. यापलीकडे पुणेकरांना त्याची फारशी माहिती नसते.

वस्तुतः पुणे शहराचा या गावाशी असलेला संबंध जुना आणि रोजचा आहे. शहरातील प्लॉट ज्या सर्व्हे नंबरने ओळखला जातो, त्या मोजणीपद्धतीचा पाया इंदापूर तालुक्यात घातला गेला. खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना जे पाणी मिळते, त्याच पाण्याच्या कालव्याचे शेवटचे टोक इंदापूर तालुक्यात आहे. आणि शहरातून मुळा-मुठेत सोडलेले सांडपाणी भीमेवाटे ज्या जलाशयात जाऊन साठते, त्याच्या काठावर याच तालुक्यातील गावे आहेत. जिल्ह्याच्या कडेला असणे म्हणजे काय, हे इंदापूरच्या भूगोलात आणि इतिहासात स्पष्ट दिसते.

स्थान आणि सीमा

इंदापूर तालुक्याच्या सीमा बहुतांशी नद्यांनी आखल्या आहेत. उत्तरेकडून व पूर्वेकडून भीमा वळसा घालून जाते. तिच्या पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा हे तालुके आहेत. दक्षिणेला नीरा वाहते आणि तिच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. केवळ पश्चिमेची बाजू जमिनीने जोडलेली असून तेथे बारामती व दौंड हे पुणे जिल्ह्यातील तालुके आहेत. म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य भागाशी इंदापूर एका बाजूने जोडलेले आहे आणि उरलेल्या तिन्ही दिशांना पाणी ओलांडले की जिल्हा बदलतो.

ही सीमा केवळ महसुली नाही. इंदापूर विधानसभा मतदारसंघ बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो, तर नदीपलीकडचे करमाळा, माढा व माळशिरस हे तालुके माढा लोकसभा मतदारसंघात आहेत. इंदापूरच्या वाहनावर बारामती परिवहन कार्यालयाचा ‘एमएच ४२’ हा क्रमांक असतो. नीरा ओलांडून अकलूजला गेले, की ‘एमएच ४५’ दिसू लागतो. व्यवहारात मात्र लोक या रेषा फारशा मानत नाहीत. नीराकाठच्या गावांना अकलूजची बाजारपेठ जवळची आहे आणि भीमेच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी पूर्वापार चालत आल्या आहेत.

तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीपासून दूर असल्याने हा सारा मुलूख पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचाही मोठा भाग परतीच्या पावसावर अवलंबून असतो. नदीकाठी काळी जमीन, तर दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर मुरमाड, हलक्या जमिनीचे माळ, अशी तालुक्याची रचना आहे. काठावरची गावे आणि माळावरची गावे यांच्या परिस्थितीत जो फरक आहे, त्याचे मूळ या रचनेत आहे.

मालोजीराजांचे इंदापूर

गावाचे नाव येथील इंद्रेश्वराच्या देवस्थानावरून पडले, असे परंपरेने सांगितले जाते. मराठ्यांच्या इतिहासात मात्र इंदापूरचे नाव येते, ते छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांच्यामुळे. निजामशाहीचे सरदार असलेले मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले. या लढाईच्या सालाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंपरेने १६०६च्या सुमाराचा काळ सांगितला जातो, तर काही अभ्यासक ही घटना त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी घडल्याचे मानतात. मृत्यूचे ठिकाण इंदापूर, याविषयी मात्र वाद नाही. शहरातील गढी आजही मालोजीराजांच्या नावाने ओळखली जाते. येथील चाँदशाहवली दर्गाही पंचक्रोशीत प्रसिद्ध असून त्याचा उरूस सर्व समाजाचे लोक साजरा करतात.

इंदापूरचे लष्करी महत्त्व त्याच्या स्थानामुळे होते. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यातील झुंजीत भीमा-नीरेचा हा प्रदेश वारंवार दोन्ही सत्तांच्या हाती गेला. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे व चाकण यांच्याबरोबर इंदापूर परगण्याचाही समावेश होता. नदीचे उतार ताब्यात असणारा वाटेवरचा ठाणेदार हा त्या काळी मोलाचा असे. सैन्य, व्यापारी तांडे आणि यात्रेकरू या तिघांनाही येथे नदी ओलांडावी लागत असे.

नद्यांच्या संगमावरील नीरा नरसिंगपूर हे तीर्थक्षेत्र या प्रदेशाचे धार्मिक केंद्र होय. श्री लक्ष्मी-नृसिंहाचे हे स्थान महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. उंच घाटावर असलेले हे मंदिर पेशवाईतील विंचूरकर सरदारांच्या आश्रयामुळे आजच्या भव्य स्वरूपाला आले. संगमाच्या तीन बाजूंना पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस व माढा असे तीन तालुके एकमेकांसमोर येतात.

सर्व्हे नंबरची जन्मभूमी

पेशवाई १८१८मध्ये संपल्यानंतर जमीन महसूल कसा व किती घ्यावा, हा इंग्रज सरकारपुढील पहिला प्रश्न होता. पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस मोजणी करून दर ठरविले. शेतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असे त्याचे तत्त्व होते. निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी केलेला हिशेब अत्यंत किचकट होता, मोजणी करणाऱ्या कनिष्ठ नोकरांनी त्यात मोठे गैरप्रकार केले आणि ठरलेला सारा रयतेला पेलवेना. इंदापूर तालुक्यात परिस्थिती विशेष बिकट झाली. जमिनी पडीक राहिल्या आणि कुळे गाव सोडून जाऊ लागली.

यावर उपाय म्हणून १८३५मध्ये एच. ई. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी अभियंता यांच्याकडे इंदापूरची फेरपाहणी सोपविण्यात आली. त्यांनी उत्पन्नाचा तात्त्विक हिशेब बाजूला ठेवला. जमिनीची खोली व रंग पाहून तिची प्रतवारी करावयाची, त्या प्रतीनुसार आणेवारीने दर लावावयाचा, तो मध्यम ठेवावयाचा आणि तीस वर्षे बदलावयाचा नाही, अशी त्यांची पद्धत होती. प्रत्येक शेताला हद्दीच्या खुणा घालून स्वतंत्र क्रमांक देण्यात आला. हाच सर्व्हे नंबर. शेतकऱ्याने शेताची सुधारणा केली, विहीर खणली, तरी मुदत संपेपर्यंत सारा वाढणार नाही, ही हमी त्या काळी नवी होती. इंदापुरातील पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येऊ लागली आणि ही पद्धत एकेका तालुक्यास लागू होत गेली. १८४७मध्ये गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. मुंबई इलाख्याच्या रयतवारीची ही घटनाच म्हणावी लागेल. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा गुंठा, हा हिशेब आज शहरातील सदनिकाधारकालाही ठाऊक असतो. त्यामागील मोजणीचे काम पहिल्यांदा यशस्वी झाले ते इंदापूरच्या माळांवर.

या कथेचा उत्तरार्ध तितका सुखद नाही. तीस वर्षांची मुदत संपल्यावर इंदापूरलाच सर्वप्रथम फेरआकारणीला सामोरे जावे लागले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले होते आणि त्याबरोबर इतर धान्याचेही भाव चढले होते. त्या भरभराटीच्या आधारावर १८६७मध्ये नवे, चढे दर लावण्यात आले. पुढे भाव कोसळले, दर मात्र कायम राहिले. पुणे सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांची बाजू मांडली. अखेर १८७४मध्ये सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली. तालुक्यासाठी ३३ टक्के, एका गावासाठी ६६ टक्के आणि एका खातेदारासाठी शंभर टक्के, यापेक्षा अधिक वाढ करू नये, असे ठरले. तोवर शेतकरी सावकाराच्या पूर्ण अधीन झाला होता. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाची खाती व रोखे जाळले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जाणारा हा उठाव इंदापूरसह पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यातूनच १८७९चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला.

रेल्वे, कालवे आणि साखर

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून पूर्वेकडे निघालेला मार्ग डिसेंबर १८५८मध्ये भीमेकाठच्या डिकसळपर्यंत खुला झाला. डिकसळ हे इंदापूर तालुक्यातील गाव. पुढील वर्षी भीमेवरील पूल ओलांडून गाड्या बार्शी रोडपर्यंत जाऊ लागल्या आणि १८६०मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. मुंबईहून मद्रासकडे जाणारा हा मार्ग तालुक्याच्या उत्तर टोकावरून गेला. इंदापूर शहर मात्र रेल्वेपासून दूरच राहिले. पूर्वीच्या वाटेवरील व्यापारी गावाचे महत्त्व त्यामुळे घटले आणि आजही शहराला रेल्वे स्थानक नाही.

तालुक्याचा दक्षिण भाग बदलला तो कालव्याने. १८७६-७७च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळी कामांमधून नीरेवर कालव्याची योजना आकाराला आली. भाटघरच्या धरणाचे पाणी वीरच्या बंधाऱ्यावरून नीरा डाव्या कालव्यात सोडण्यात येऊ लागले आणि पुरंदर, बारामती व इंदापूर हे तालुके ओलिताखाली आले. बाजरी-ज्वारीच्या पट्ट्यात ऊस आला. १९३०च्या दशकात उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी कळंब गावाच्या परिसरात ऊसमळे आणि साखर कारखाना उभारला. तेथे वसलेल्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. पुढे साखर कारखान्यांची यंत्रे बनविता बनविता येथील अभियांत्रिकी कारखाना सिमेंट, अणुऊर्जा व संरक्षण क्षेत्राच्या यंत्रसामग्रीकडे वळला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांसाठी लागणारी मोटरची आवरणे येथे तयार होतात. स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखानदारी आली. भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी शंकररावजी पाटील आणि शहाजीनगरचा नीरा भीमा या सहकारी कारखान्यांभोवती तालुक्याचे अर्थकारण आणि राजकारण फिरू लागले.

ऊस हे मुख्य पीक असले, तरी तालुक्याची ओळख तेवढ्यावर थांबत नाही. निमगाव केतकीचे पानमळे प्रसिद्ध आहेत. बोरी परिसरातील द्राक्षे परदेशी जातात आणि डाळिंबाच्या बागा माळरानावरही उभ्या राहिल्या आहेत. भिगवण येथे कागद कारखाना आहे.

उजनीचे पाणी

भीमेवरील उजनी धरणाचे भूमिपूजन १९६६मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले आणि १९८०मध्ये धरण पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. पाण्याचा फुगवटा मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर पुणे, सोलापूर व अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६४ टीएमसी, मृतसाठा आहे.

इंदापूर तालुक्याने यासाठी भीमाकाठची काळी जमीन गमावली. गावेच्या गावे उठली आणि वरच्या बाजूला नव्याने वसली. पळसदेव हे त्यांपैकी एक. तेथील पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की मंदिराचे शिखर आणि त्यानंतर सारे मंदिर उघडे पडते. २०२४च्या उन्हाळ्यातही ते दिसले. शहरातून लोक ते पाहण्यास आवर्जून जातात. स्थानिकांसाठी मात्र मंदिर दिसणे ही दुष्काळाची खूण आहे.

धरणामुळे रेल्वेमार्गही हलवावा लागला. डिकसळजवळचा जुना रेल्वेपूल रस्त्याच्या वाहतुकीसाठी वापरात आला आणि इंदापूर व करमाळा या तालुक्यांना जोडणारा दुवा म्हणून त्याने अनेक वर्षे काम केले. इतरत्र नदीचे पात्र रुंदावून जलाशय झाल्याने पूर्वीचे उतार नाहीसे झाले. हाकेच्या अंतरावरचे पलीकडचे गाव रस्त्याने अनेक किलोमीटर दूर गेले. लोक होडीने ये-जा करू लागले. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. एक प्रवासी पोहत काठाला लागला. या दुर्घटनेनंतर शिरसोडी-कुगाव पुलाच्या मागणीला जोर आला. ज्या सीमेला कागदावर एक रेघ म्हणतात, ती ओलांडण्यासाठी सीमेवरच्या माणसाला काय किंमत मोजावी लागते, हे त्या सायंकाळी दिसून आले.

जलाशयाने काही नवेही दिले. भिगवणचा मासळी बाजार राज्यात नावाजलेला आहे. कुंभारगाव, डिकसळ परिसरातील उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित अर्थात फ्लेमिंगो पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पुण्या-मुंबईचे पक्षिनिरीक्षक पहाटे होड्यांतून निघतात. त्यातून स्थानिक मच्छीमारांना मार्गदर्शकाचे काम मिळाले आहे.

मधला माळ : कळस आणि कडबनवाडी

दक्षिणेला नीरेचा कालवा आणि उत्तरेला उजनीचा फुगवटा, या दोन्ही ओल्या पट्ट्यांच्या मध्ये तालुक्याचा कोरडा कणा आहे. कळस हे या मधल्या भागातील मोठे गाव. नावांतील साम्यामुळे येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक ठरते. पुणे शहरात विश्रांतवाडीजवळ असलेले कळस वेगळे, अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कळस वेगळे आणि वर उल्लेख आलेले उजनीकाठचे कळाशीही वेगळे. इंदापूर तालुक्यातील कळस हे माळावरचे गाव असून दोन्ही बाजूंना पाणी दिसत असताना आपल्या शेतापर्यंत ते पोहोचत नाही, ही या पट्ट्याची जुनी व्यथा आहे.

कळसजवळील कडबनवाडीचा गवताळ प्रदेश हा या माळाचा मौल्यवान ठेवा होय. सरकारी नोंदींत असे माळ बहुधा ‘पडीक’ ठरतात. प्रत्यक्षात येथे चिंकारा, लांडगा, तरस, खोकड आणि माळरानावरील अनेक पक्षी आढळतात. मेंढपाळांच्या कळपांसाठी हीच चराईची जमीन आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य याच प्रकारच्या अधिवासासाठी १९९७मध्ये घोषित झाले. कडबनवाडीला अभयारण्याचा दर्जा नाही. अलीकडे वनविभागाने कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली असून स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून त्यात सामावून घेतले आहे. पाणी आले की माळ नांगरला जातो आणि माळ नांगरला की लांडग्याची जागा जाते, हा पेच मात्र कायम आहे. पाण्याची मागणी करणारा शेतकरी आणि माळ राखू पाहणारा अभ्यासक, दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

पालखीचा मार्ग

जगद्गुरू संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूर तालुक्यात येते आणि नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाते. सणसर, आंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी हे तिचे येथील मुक्काम. बेलवाडी येथे सोहळ्यातील पहिले गोल रिंगण होते. इंदापूर शहरातही रिंगण होते. सराटीच्या मुक्कामानंतर पादुकांना नीरेत स्नान घातले जाते आणि पूल ओलांडून पालखी अकलूजला पोहोचते. पुणे जिल्ह्याचे प्रशासन येथे निरोप देते आणि पलीकडे सोलापूर जिल्ह्याचे प्रशासन स्वागताला उभे असते. एरवी कोणाच्या ध्यानीही न येणारी जिल्ह्याची हद्द वर्षातून एकदा अशी टाळ-मृदंगाच्या गजरात साजरी होते. पाटस, बारामती, इंदापूर व अकलूज या गावांवरून जाणाऱ्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बसविण्यात आली.

लोकसंख्या

इंदापूरला नगरपालिका १८६५मध्ये स्थापन झाली. एवढ्या जुन्या नगरपालिकेचे शहर फार मोठे मात्र झाले नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, १९०१च्या जनगणनेत, शहराची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास आणि तालुक्याची सुमारे ७१ हजार होती. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २५ हजार ५१५ आणि तालुक्याची ३ लाख ८३ हजार १८३ नोंदली गेली. म्हणजे एकशे दहा वर्षांत दोन्ही आकडे साधारणतः पाचपट झाले. तालुक्याच्या दर शंभर रहिवाशांपैकी सातही इंदापूर शहरात राहत नाहीत. याचे कारण तालुक्याच्या रचनेत आहे. वालचंदनगर, भिगवण, भवानीनगर, निमगाव केतकी अशी अनेक केंद्रे निर्माण झाली आणि कारखाना, कालवा व महामार्ग यांनी लोकवस्ती वाटून घेतली. दक्षिणेकडील गावांना बारामती व अकलूज या मोठ्या बाजारपेठा जवळ आहेत. उच्च शिक्षणासाठी व नोकरीसाठी तरुण वर्ग बारामतीकडे आणि पुण्याकडे जातो.

जनगणना २०२१मध्ये होऊ शकली नाही. त्यामुळे शहराच्या पाणीपुरवठ्यापासून शाळांपर्यंतच्या नियोजनाला अद्याप २०११च्याच आकड्यांचा आधार घ्यावा लागतो. साखर हंगामात ऊसतोडीसाठी येणाऱ्या मजुरांच्या कुटुंबांची, तसेच महामार्गालगत आणि जलाशयाकाठी कामासाठी येऊन राहिलेल्यांची संख्या या आकड्यांत नीट दिसत नाही.

टोकाचे पाणी

इंदापूरचा आजचा मुख्य प्रश्न पाण्याचा आहे आणि त्याचे मूळ गावाच्या स्थानात आहे. नीरा डावा कालवा इंदापूर तालुक्यात संपतो. खडकवासल्याहून निघणारा, सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा नवा मुठा उजवा कालवाही याच तालुक्यात संपतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला सारेच ‘टेल’ म्हणतात, पाणी सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी पोहोचते. वरच्या भागातील उपसा, गळती आणि बाष्पीभवन यांचा हिशेब शेवटच्या शेतकऱ्याच्या आवर्तनातून वजा होतो. पुणे शहराची गरज वाढली, की खडकवासल्याच्या आवर्तनावर तिचा परिणाम होतो. नीरा डाव्या कालव्याच्या शेवटावरील बावीस गावांचा प्रश्न तर निवडणुकांमागून निवडणुका गाजत आला आहे.

तिसरा स्रोत उजनीचा. येथे सीमेचा प्रश्न थेट उभा राहतो. जमीन आमची बुडाली, तेव्हा पाण्यावर आमचाही हक्क, असे इंदापूरचे म्हणणे. धरण सोलापूर जिल्ह्याच्या सिंचनासाठी झाले, त्याचे पाणी आधीच कमी पडते, ते आणखी वाटले तर लाभक्षेत्र उघडे पडेल, असे सोलापूरचे म्हणणे. पुण्याहून सांडपाण्याच्या रूपाने उजनीत येणारे पाच टीएमसी पाणी इंदापूरसाठी उचलण्याचा निर्णय एप्रिल २०२१मध्ये झाला. सोलापूर जिल्ह्यात तीव्र आंदोलन झाल्यानंतर मे महिन्यात तो रद्द करण्यात आला. त्यानंतर २०२२मध्ये इंदापूर व बारामती तालुक्यांतील जिराईत गावांसाठी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला प्रशासकीय मान्यता मिळाली. तिलाही सोलापुरातून विरोध झाला.

या वादात एक गोष्ट सहज नजरेआड होते. दोन्ही जिल्हे ज्या पाण्यासाठी भांडतात, त्याच्या गुणवत्तेची जबाबदारी वरच्या शहरांवर आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडचे अपुऱ्या प्रक्रियेचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. जलपर्णी, हिरवट पाणी आणि दुर्गंधी यांविषयीच्या तक्रारी काठावरील गावांतून दरवर्षी येतात. खडकवासला ते फुरसुंगी या दरम्यान कालव्याऐवजी बोगदा करण्याच्या प्रस्तावाला मंजुरी मिळाली असून त्यातून वाचणारे पाणी शेवटच्या भागास मिळावे, अशी अपेक्षा आहे. शहराने आपले सांडपाणी पूर्ण शुद्ध करून सोडले आणि वापरावर मोजमाप बसविले, तर इंदापूरच्या टोकापर्यंत त्याचा परिणाम जाणवेल. मोजमापाशिवाय न्याय्य आकारणी होत नाही, हे जमिनीच्या बाबतीत १८३५मध्ये याच तालुक्यात सिद्ध झाले होते. पाण्याच्या बाबतीत ते अद्याप व्हावयाचे आहे.